बॅरोकूमचे अठरा फूट

१

गुरुवारी सकाळी थर्झा एन्डाकॉट सायकल ढकलत बॅरोकूमच्या फाटकात शिरली, तेव्हा नदीत माणसं गळ टाकून प्रेत शोधत होती.

तिला आधी वाटलं, कुणाची गाय बुडाली असेल. मग काठावर उभा असलेला हवालदार हेक्स्ट दिसला, आणि त्याच्या हातातली तपकिरी टोपीही दिसली. ती टोपी तिच्या ओळखीची होती. एफ्राइम वॉनाकॉट ती घातल्याशिवाय कोंबड्यांना दाणेसुद्धा टाकायचा नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मंगळवार दुपारपासून बेपत्ता आहे," हेक्स्ट म्हणाला. "टोपी काल इथे काठावर सापडली. अडुसष्ट वर्षांचा माणूस, बाई. पाय घसरला असणार. तुम्ही आज इकडे कशा?"

थर्झाने कोटाच्या खिशातून पत्र काढून त्याच्यापुढे धरलं. सोमवारी टाकलेलं पत्र तिला कालच मिळालं होतं.

"मिस एन्डाकॉट," त्यात लिहिलं होतं, "तुम्ही दोन वर्षांपूर्वी माझं घर मोजायला आलात आणि मी तुम्हाला हाकलून दिलं. चूक झाली. मला वर काहीतरी काळं सापडलंय. गुरुवारी या. तोवर मी कुणाला सांगत नाही, घरातल्यांना तर नाहीच. ए. वॉनाकॉट."

हेक्स्टने ते दोनदा वाचलं. "वर म्हणजे कुठे?"

"तेच बघायला आले होते मी."

जुनी घरं मोजणं हेच थर्झाचं काम. जिल्ह्यातली कुठली घरं जपायची याची सरकारी यादी व्हायची होती. त्यासाठी गेली सहा वर्षं ती डेव्हनच्या आडरस्त्यांवरून टेप, पेन्सिल आणि डबा घेऊन हिंडत होती. वय पन्नाशीपुढचं. बाप शाकारणीचं काम करायचा, त्यामुळे ती लहानपणापासून छपरांवर वाढलेली. घराकडे पाहिलं की ते कुठे खोटं बोलतंय हे तिला कळायचं, असं तिचे साहेब म्हणत. ते कौतुक होतं की तक्रार, हे मात्र कधी स्पष्ट झालं नाही.

तिने मागे वळून बॅरोकूमकडे पाहिलं. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, भुवयांसारखं खिडक्यांवर उतरलेलं गवताचं छप्पर, मधोमध दगडी धुराडं. मार्च महिना, दोन दिवसांपासून अधूनमधून पाऊस, दात वाजवणारी थंडी. दिवसभर नदीत उभी राहिलेली माणसं आत येऊन शेकणार होती.

आणि धुराड्यातून धुराची एक रेघही निघत नव्हती.

२

लेनर्ड वॉनाकॉट अंगणात गाडीला टेकून सिगारेट ओढत होता. एफ्राइमचा हा एकुलता एक पुतण्या एक्सेटरला घरांची दलाली करायचा.

"काकांनी तुम्हाला बोलावलं?" तो हसला. "मग काका खरंच भ्रमिष्ट झाले होते म्हणायचे. ही जागा विकायचं सगळं ठरलं होतं. सुट्टीला येणाऱ्या लोकांसाठी लाकडी घरं बांधणार होते इथे. हे घर पाडायचं, कागद तयार, फक्त सही राहिली होती."

"आणि यादीत घराचं नाव लागलं, तर पाडता येणार नाही."

लेनर्डची सिगारेट ओठाशी थांबली. "तुम्हाला काय म्हणायचंय?"

"काहीच नाही. मंगळवारी तुम्ही कुठे होतात?"

"एक्सेटरला. कचेरीत चार माणसं साक्ष देतील. काल सकाळी आलो मी, लव्हडेबाईंची तार मिळाल्यावर." त्याने सिगारेट बुटाखाली चिरडली. "माझ्याकडे असं बघू नका. आई गेल्यावर काकांनीच वाढवलंय मला. पैसा हवाय, पण असा नको."

गोठ्याच्या बाजूला सायलस यो गव्हाच्या काडाच्या पेंढ्या गाडीत परत भरत होता. हा आजूबाजूच्या चार गावांतला शाकारणारा. थर्झाच्या बापाच्या हाताखाली कधीकाळी शिकलेला.

"काय गं पोरी," पन्नाशीच्या थर्झाला तो म्हणाला, "तूही नदी उपसायला आलीस?"

"सायलसकाका, हेक्स्ट सांगत होता, सोमवारी तुमचं आणि एफ्राइमचं भांडण झालं."

"झालं की! आख्खं छप्पर वाशांपर्यंत उतरवून नवं घालायचं ठरलेलं. आठ आठवड्यांचं काम. मी काड आणून टाकलं, आणि हा थेरडा म्हणतो, छपराला बोट लावायचं नाही. कारण विचारलं तर सांगेना. नुसता हसत होता, लग्न ठरल्यासारखा." सायलसने गाडीवर पेंढी आपटली. "मी म्हटलं, नको घालूस नवं, पण त्या धुराड्याचं तरी बघ. आत कुठेतरी भेग पडलीय. मोठी चूल पेटवली की आढ्याच्या गवतातून धूर झिरपतो. एक दिवस जळून मरशील."

"हे कुणासमोर बोललात?"

"स्वयंपाकघरातच बोललो. लव्हडे तिथेच बटाटे सोलत होती."

थर्झाने छपराभोवती एक चक्कर मारली. गवत कुठेही कापलेलं नव्हतं. वळचणीला शिडीचा दाब नव्हता. गेल्या आठवडाभरात या छपरावर बाहेरून कुणीही चढलेलं नव्हतं.

३

लव्हडे कॉझी बावीस वर्षं बॅरोकूमचं घर सांभाळत होती. उंच, हाडापेराने मजबूत बाई. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. चुलीच्या दालनात, घरातल्या सर्वांत मोठ्या खोलीत, ती शाल लपेटून शिवण शिवत बसली होती. तिच्यामागे भलीमोठी दगडी चूल थंड पडली होती. कोपऱ्यातल्या रॉकेलच्या शेगडीवर रस्सा शिजत होता.

"चूल नाही पेटवली?" थर्झाने विचारलं.

"धुराडं तुंबलंय. कावळ्यांनी घरटं केलंय आत." लव्हडेने मान वर केली नाही. "चहा घ्या. कपाने हात तरी शेकतील."

"मंगळवारी शेवटचं कधी पाहिलंत त्यांना?"

"दुपारी जेवले. मग म्हणाले, जरा जाऊन येतो. कुठे ते कधी सांगत नाहीत. मी विचारतही नाही."

"तुमचं काय होणार आता?"

"माझं?" लव्हडे दोरा दातांनी तोडत म्हणाली. "माझं काय होणार? हे घर राहिलं काय, पडलं काय. मी पगारी बाई."

तिच्या मांडीवर निळ्या फुलांचा पडदा होता. शिवण पुरी झालेली होती. लव्हडे ती शिवत नव्हती, उसवत होती. थर्झाची नजर कापडावरून खिडकीकडे गेली. बॅरोकूमच्या खिडक्या सगळ्या लहान. तीन फूट जाडीच्या भिंतीत दोन हात रुंदीची भोकं. आणि तो पडदा जमिनीवर दोन्हीकडे लोळत होता. रुंदी सहा फूट तरी असेल.

"छान कापड आहे," थर्झा म्हणाली.

"होतं," लव्हडे म्हणाली, आणि पडद्याची घडी केली.

ती शेगडीकडे वळली तेव्हा थर्झा चुलीत वाकली आणि मान वर करून धुराड्यात बघितलं.

वर करड्या आभाळाचा चौकोन स्वच्छ दिसत होता. घरटं सोडा, एक काडीसुद्धा नव्हती.

४

घर खोटं बोलत असेल तर ते टेपला कळतं. थर्झाने हेक्स्टला टेपचं एक टोक धरायला लावलं.

"माणूस हरवलाय आणि तुम्ही भिंती मोजताय," तो पुटपुटला.

"धरा नीट. घर शोधलंत ना तुम्ही?"

"कानाकोपरा. त्यांच्या झोपायच्या खोलीतलं कपाटसुद्धा बघितलं, वरपर्यंत घोंगड्या आहेत. माळे दोन. एक बैठकीच्या खोलीवर, दुसरा दूधघरावर. दोन्ही रिकामे. कोळ्याची जाळी आणि लाकूड."

"लाकूड कुठल्या रंगाचं?"

"लाकडाच्या रंगाचं! तपकिरी."

बाहेरून घराची लांबी भरली सत्तावन्न फूट. दोन्ही टोकांच्या भिंती तीन-तीन फुटांच्या. म्हणजे छपराखाली एक्कावन्न फूट मोकळी जागा हवी. थर्झा बैठकीवरच्या माळ्यात चढली. टोकाच्या भिंतीपासून समोरच्या कुडापर्यंत एकोणीस फूट. कूड म्हणजे काटक्या विणून त्यावर माती-शेण लिंपलेली भिंत, आणि ती थेट आढ्यापर्यंत गेलेली. मग ती दूधघरावरच्या माळ्यात चढली. तिथेही शेवटी तसाच कूड. चौदा फूट.

तिने वहीत बेरीज केली. पुन्हा केली.

"हवालदारसाहेब, एकोणीस आणि चौदा किती?"

"तेहतीस."

"एक्कावन्न पाहिजेत."

हेक्स्टने वहीत डोकावून पाहिलं.

"अठरा फूट घर हरवलंय," थर्झा म्हणाली. "मधलं. चुलीच्या दालनावरचं. दोन्ही माळ्यांवरून कूड दिसतो आणि प्रत्येकाला वाटतं, घर इथे संपलं."

शिडीवरून उतरताना तिचा हात थबकला. दूधघरात सफरचंदं काढायची आखूड शिडी भिंतीला टेकून ठेवलेली होती. वरच्या दोन दांड्यांना काळी, चकचकीत, डांबरासारखी खपली लागली होती. चुलीची काजळी बोटाने पुसली जाते. ही नखाने खरवडावी लागली. फटीत एक गवताची काडी अडकली होती, तीही कोळशासारखी काळी. टोकाला धान्याचं कणीस तसंच शाबूत होतं. बारीक, लांब, कुसळांचं.

"गहू?" हेक्स्टने विचारलं.

"राय." थर्झाने काडी उजेडात धरली. "गव्हासारखंच एक धान्य. छपरासाठी राय या भागात शेकडो वर्षांत कुणी पेरली नाही. ऐका. हे घर बांधलं तेव्हा धुराडं नव्हतंच. दालनाच्या मधोमध जमिनीवर जाळ असायचा. धूर वर छपरात जायचा आणि गवतातून झिरपायचा. पिढ्यानपिढ्या. वासे, आढं, गवताचा सगळ्यात खालचा थर, सगळं काळं होऊन गेलं. पुढे कुणीतरी धुराडं बांधलं, वर खोली काढली, खोलीला छत घातलं, आणि तो काळा भाग बंद झाला. शाकारणारे जुन्यावर नवं गवत घालत राहिले, खालच्या थराला कुणी हात लावला नाही. एफ्राइमला सापडलेलं काळं ते हे. तो या शिडीने तिथे चढला होता."

"आणि उतरला?"

"तो उतरला असेल तर शिडी त्याने इथे आणून ठेवली. नसेल उतरला..."

 दालनातून लेनर्डचा खणखणीत आवाज आला.

"घरटं गेलं खड्ड्यात! माणसं थंडीने काकडलीत. मी पेटवतो चूल!"

५

थर्झा धावली. अंधाऱ्या बोळातल्या बसक्या चौकटीवर तिचं कपाळ आपटलं, तरी ती थांबली नाही. सायलसचे शब्द तिच्या कानात घुमत होते. आत कुठेतरी भेग पडलीय. धूर झिरपतो. त्या बंद पोकळीत आधी धूर भरणार आणि मग गवतातून बाहेर पडणार.

चुलीत वाळक्या फांद्यांचा ढीग रचलेला होता. लेनर्डने रॉकेल ओतून काडी लावली होती. ज्वाळा एकदम पुरुषभर उठल्या. नदीवरून आलेली चार माणसं हात पसरून पुढे सरकली.

"विझवा!" थर्झा ओरडली.

पण तिच्याआधी दुसरंच कुणीतरी हललं होतं. लव्हडे मागच्या दारातून आली, दोन्ही हातांनी बादली धरून. कुणाला बाजूला हो म्हणाली नाही. लेनर्डला खांद्याने ढकलून तिने अख्खी बादली जाळावर ओतली. फस्सकन वाफ उठली. ती दुसरी बादली आणायला वळली. तोंडाने ती काहीतरी पुटपुटत होती. थर्झाला तेवढे शब्द ऐकू आले.

"धूर नको. धूर नको. देवा, धूर नको."

 काळं पाणी दगडांवरून वाहत होतं.

"तुम्हाला वेड लागलंय का?" लेनर्ड ओला कोट झटकत ओरडला.

"नाही," थर्झा म्हणाली. "या खोलीत धुराला घाबरणारी एकच बाई आहे. कारण धूर कुठे जातो आणि तिथे कोण आहे, हे एकट्या तिलाच माहीत आहे."

६

"बाई, तोलून बोला," हेक्स्ट म्हणाला, पण त्याने दार अडवलं.

थर्झाला तोलायला वेळ नव्हता. "लेनर्डला ठाऊक असतं, तर त्याने आम्ही घर मोजत असताना सगळ्यांसमोर रॉकेल ओतून चूल पेटवली नसती. सायलसला आत शिरायचं असतं, तर तो बाहेरून गवत कापून शिरला असता. छप्पर अखंड आहे. धुराडं तुंबलेलं नाही, मी बघितलंय. मग मंगळवारपासून या घरात थंडी का? आणि पडदे. लव्हडेबाई, तुमचे पडदे या घरातल्या एकाही खिडकीचे नाहीत. मोठ्या खिडक्या नव्या बंगल्यांना असतात. समुद्राकडे तोंड असलेल्या. घर विकल्यावर एफ्राइमबरोबर तुम्ही तिथे राहायला जाणार होतात ना? आणि मंगळवारी त्यांनी सांगितलं, विक्री रद्द."

लव्हडे बादली धरून तशीच उभी होती.

"ते सगळं नंतर," थर्झा तिच्याजवळ गेली. आवाज खाली आणला. "वर जायची वाट कुठे आहे?"

 लव्हडेचा उजवा हात आपोआप कंबरेच्या किल्ल्यांवर गेला, आणि मूठ जुडग्यातल्या एकाच लहान किल्लीभोवती आवळली गेली.

"कपाट," थर्झा म्हणाली. "झोपायच्या खोलीतलं. धुराड्याला लागून असलेलं."

लेनर्डच ती किल्ली घेऊन सगळ्यांत आधी जिना चढला. कपाटातल्या घोंगड्या त्याने दोन्ही हातांनी बाहेर फेकल्या. वरच्या फळ्या नुसत्या ठेवलेल्या होत्या. सायलसने शिडी आणली. थर्झा आधी चढली. विजेरीचा झोत अंधारात शिरला.

सगळं काळं होतं. ओकच्या प्रचंड वाकड्या खांबांच्या जोड्या जमिनीतून उगवल्यासारख्या उभ्या राहून आढ्यापाशी एकमेकींना भिडलेल्या. त्यांच्यावर काळे वासे, काळं गवत, गवताच्या काळ्या गाठी, बांधणाऱ्याने कालच आवळल्यासारख्या. आत आत्ताचा पांढरा धूर तरंगत होता, जमिनीपासून हातभर वर.

"काका!" लेनर्ड खालून ओरडला.

धुराडं आणि कूड यांच्यामधल्या सांदीतून खोकल्याचा आवाज आला. अगदी बारीक. एखाद्या आजारी मेंढीसारखा.

७

एफ्राइमचा पाय गुडघ्याखाली मोडला होता, डोक्याला खोक पडली होती. छपरातून ठिबकणारं पाणी चाटून त्याने दोन दिवस काढले होते. हाका मारल्या होत्या त्याने, पण वर चार फूट गवत आणि खाली छत; आवाज गेला नाही. त्याला एका निखळवलेल्या दारावर निजवून खाली आणलं. रुग्णवाहिका यायला तासभर अवकाश होता. थर्झाने त्याच्या ओठांना कोमट चहा लावला.

हेक्स्टने वही उघडली. "वॉनाकॉटसाहेब, शिडी कुणी काढली?"

एफ्राइमने डोळे उघडले. दाराशी उभ्या असलेल्या लव्हडेकडे त्याने बराच वेळ पाहिलं.

"घसरली," तो म्हणाला. "शिडी घसरली. लिही."

हेक्स्टने पेन्सिल टेकवली. हे सोपं होतं. सगळ्यांनाच सोपं होतं. 

"लिहू नका," लव्हडे म्हणाली. "मी काढली."

"लव्हडे—"

"मला बोलू द्या, मालक. एकदा तरी." ती पुढे आली. "मंगळवारी हे कपाटातून वाकून मला म्हणाले, बंगला विसर, घर विकायचं नाही. जसं काही आज भाजी नको म्हणावं. आणि परत आत गेले, गाणं गुणगुणत. मी शिडी काढून घेतली. म्हटलं, तासभर अडकून बसा आणि माझं ऐका. ते ओरडले, मग दुसरीकडून उतरायला गेले, आणि धाडकन आवाज झाला. मी दोनदा हाक मारली. ओ दिली नाही." तिने एफ्राइमकडे पाहिलं. "मला वाटलं, मेले. फळ्या लावल्या. टोपी नदीवर ठेवली. जिवंत आहेत की नाही ते वर जाऊन बघायचं धाडस झालं नाही. दर तासाला त्या कपाटापर्यंत जायची आणि परत यायची. फक्त चूल पेटवू शकले नाही."

"दोन दिवस," लेनर्ड म्हणाला. "दोन दिवस तुम्ही खाली रस्सा शिजवत होतात."

"हो," लव्हडे म्हणाली. तिने त्याच्यावरची नजर हलवली नाही. "हो."

एफ्राइमचे ओठ हलले. "इथे राहायचं नव्हतं, तर बोलली का नाहीस?"

"बावीस वर्षं बोलतेय. ओल आहे, अंधार आहे, माझे सांधे दुखतात. तुम्ही कधी ऐकलंत?"

हेक्स्टने तिला कोट घालू दिला. जाताना ती थर्झापाशी थांबली. "वर खरंच एवढं जुनं आहे?"

"पाचशे वर्षांचं असेल."

"मला दाखवलं असतं त्यांनी," लव्हडे म्हणाली, "तर मी बघितलं असतं." आणि ती पावसात बाहेर पडली.

खटला जूनमध्ये उभा राहिला. एफ्राइम कुबड्यांवर येऊन तिच्या बाजूने बोलला. तरी तिला दीड वर्षाची कैद झाली. न्यायाधीश म्हणाले, शिडीचं एक वेळ समजू शकतं, पण त्या दोन दिवसांचं नाही. थर्झाला त्यात चूक काढता आली नाही आणि समाधानही वाटलं नाही. बॅरोकूमचं नाव यादीत लागलं. लेनर्डने सही न झालेले कागद स्वतःच फाडून टाकले.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात थर्झा तिकडून जात होती, म्हणून आत डोकावली. एफ्राइम एकटाच होता. लंगडत त्याने तिला चहा करून दिला, कडू आणि गार. घराबद्दल तो काही बोलला नाही. लंडनहून येऊन गेलेल्या विद्वानांबद्दलही नाही.

"ती सुटली म्हणे," तो म्हणाला.

"ऑक्टोबरात. थोडी सूट मिळाली."

"तुम्हाला पत्र येतं तिचं?"

"एकदा आलं."

"पत्ता द्याल?"

थर्झाने कप खाली ठेवला. तिच्या पिशवीत ते पत्र होतं.

"तिला विचारून सांगते," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. मग सावकाश मान हलवली.

"हो," तो म्हणाला. "आधी तिला विचारा."